मेकअप – नाही

आईच्या डाव्या गालावर वांग होता. डोळ्याखालून निघून कानाकडे फिका होत गेलेला, करडा-तपकिरी, आणि बरोबर मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी कोरी जागा सोडलेला. लेक, म्हणजे ताई, पोटात असताना तो उठला. बाळंतपण झालं की जाईल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तो काही गेला नाही. आई बहात्तरची झाली तरी लेकीला ऐकवायची, की तुझ्या वेळेला आला, तू बाहेर पडलीस आणि तो राहिला. म्हणायची हसतच. पण कुणी फोटो काढायला उभं केलं की ते हसू कुठल्या कुठे जायचं आणि मान आपोआप वळायची. घरातल्या एकूण एक फोटोत आईचा उजवाच गाल होता.

आणि लेकीचा धंदा मेकअपचा. घरी-दारी, स्टुडिओत, तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे दिवेवालेसुद्धा. मासिकांच्या फोटोंसाठी ती बायकांचे चेहरे करायची. असले वांग तर तिनं पाच-पाच मिनिटांत नाहीसे केले होते. पण आईनं तिला आपल्या चेहऱ्याला बोट लावू दिलं नाही. भावाच्या लग्नाच्या सकाळी ताई डबा उघडून बसली होती, फक्त गालापुरतं, कुणाला कळणारही नाही म्हणून विनवत होती. आईनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं. "रोज देवापुढं मी याच तोंडानं बसते," ती म्हणाली. "माणसांसाठी दुसरं कुठून आणू?"

मग फोटोत मान का वळवतेस, हे ताईच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

आईनं एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत नसे. छापून आलं, तेही जागच्या जागी आणि बिनचूक, की मग ते खरं. ताई चौदा वर्षं ज्यांच्या हाताखाली होती त्यांना सगळे उस्ताद म्हणत. काम बहुतेक ताईचं असायचं आणि फोटोखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत नाव उस्तादांचं. आई दर अंक भिंग घेऊन बसायची, बोट त्या ओळीवरून सरकवायची आणि म्हणायची, "तुझं नाही." टोमणा नव्हता त्यात. एखादी वेलांटी राहून गेली, हे जसं ती सांगत आली होती, तसंच सांगायची. एकदाच कधीतरी म्हणाली होती, की ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी मी मानीन, ही पोर जगात काहीतरी करते.

या वर्षी उस्तादांचा हात कापायला लागला आणि त्यांनी ब्रश ठेवले. मुखपृष्ठाचं काम ताईकडे आलं. फोन ठेवल्या ठेवल्या तिनं आईला सांगितलं, आणि आईनं चष्मा लावून कॅलेंडरवर अंक निघायच्या तारखेला बारीक गोल केला. ताईला वाटलं, सांगायची एवढी घाई करायला नको होती.

अंकाचं नाव होतं ‘जशी आहे तशी’. आत बारा बायका, आणि मुखपृष्ठावर अठ्ठावन्न वर्षांची अभिनेत्री, जिला दोन पिढ्यांनी पडद्यावर पाहिलं होतं. मेकअपचा एक थेंब नाही, अशी संपादिकेची कल्पना. मग माझं काय काम, असं ताईनं विचारलं होतं. संपादिका म्हणाली, तू ये तर.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर. पांढऱ्या भिंती, उत्तरेकडे तीन उंच खिडक्या, खिडकीशी खुर्ची. अभिनेत्री आली ती तोंड धुऊनच. फोटोग्राफरनं पाहण्यासाठी म्हणून दोन-चार फोटो काढले आणि सगळे संगणकाच्या पडद्याभोवती जमले. डागावर डाग काढून, सुईनं भरून, ताणून तो चेहरा इतका गुळगुळीत झाला होता, की त्यावर प्रकाशसुद्धा ठरत नव्हता. अभिनेत्री कपडे बदलायला आत गेली तसा फोटोग्राफर हनुवटी खाजवत म्हणाला, की घासून ठेवलेलं बेसिन दिसतंय. दिवेवाला फिस्सकन हसला. संपादिका हसली नाही. हे असं छापलं, तर लोक म्हणणार तीन थर थापलेत. आहे ते चेहऱ्यावर खरं दिसायला हवं होतं, आणि तिथं खरं काही उरलंच नव्हतं.

"हिला खरी कर," तिनं ताईला सांगितलं.

अभिनेत्रीला यात काही वावगं वाटलं नाही. खुर्चीत बसून तिनं गळ्याभोवती स्वतःच टिश्यू खोचला, आणि म्हणाली, चाळीस वर्षं एकेक डाग उडवून घेतला ताई, आता लावून द्या परत. मनापासून हसली. कपाळ तेवढं जागचं हललं नाही.

ताईनं डाव्या हाताच्या पाठीवर रंग घेतले; तिची रंगांची पाटी तीच. स्पिरिटात विरघळणारे, पाण्यासारखे पातळ रंग, जे त्वचेवर न बसता त्वचेतून आल्यासारखे दिसतात. आधी तिनं तो एकसारखेपणा मोडला. नाकपुड्यांच्या कडेला विटकरी लाली, हनुवटीवर हिरवट छटा, डोळ्यांखाली निळसर दोरा. जुन्या टूथब्रशवर अंगठा ओढून कपाळावर टाचणीच्या टोकाएवढे शिंतोडे उडवले आणि त्यांतले निम्मे लगेच टिपून घेतले, कारण उरलेले निम्मे मग जन्मापासूनचे वाटतात. ओठ कोरडे केले. आयुष्यभर ती जे झाकत आली, ते आता एकेक करून उलटं मांडत होती, आणि हाताला ते सगळं पाठ होतं. हे असं कुणाला शिकवून येत नाही. असे डाग आधी हजारदा पुसलेले असावे लागतात.

दोन तासांनी फोटोग्राफरनं एक फोटो काढला आणि पडद्याकडे पाहत नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, ही बाई जिवंत झाली."

ताईनं मान खाली घातली, पण कान गरम झाले. तिला मनातल्या मनात ते भिंग दिसलं, सरकणारं बोट दिसलं.

तेवढ्यात संपादिकेनं तिला दुसऱ्या खिडकीशी बोलावलं. हातात पानाचा कच्चा छापा होता, फोटोची जागा कोरी आणि बाकी मजकूर तयार. तळाच्या ओळीवर तिनं नख ठेवलं. छायाचित्र, केस, कपडे, ज्याचं त्याचं नाव. शेवटी होतं : मेकअप – नाही.

ती ओरडून बोलणारी बाई नव्हतीच. ताईच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात समजावत राहिली, की तूच सांग, तुझं नाव घातलं तर या अंकाला अर्थ काय राहिला? पुढच्या अंकात मोठ्या अक्षरांत टाकते. आणि हे इथलं इथंच राहायला हवं, ते काही तुला वेगळं सांगायला नको. छापा आधीच तयार झाला होता, म्हणजे ही ओळ काल-परवाच ठरली असणार. ताईला ते कळलं. भांडायचं तिच्या स्वभावात नव्हतं. ती बेसिनशी गेली आणि स्वच्छ असलेला ब्रश पुन्हा धुतला.

परत आली तेव्हा डावा गाल तेवढा बाकी होता. तिथं एक ठसठशीत खोड हवी, पाहणाऱ्याची नजर अडकेल अशी, असं संपादिकेचं म्हणणं होतं. ताईनं नमुन्यासाठी कुठलाच फोटो मागितला नाही. करडा रंग घेतला, त्यात कणभर तपकिरी मिसळला आणि डोळ्याखालून सुरुवात केली. चव्वेचाळीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट. ब्रश कुठं वळायचं ते विचारत नव्हता. कानाकडे जाताना रंग फिका होत गेला. मधोमध तिनं तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली आणि तिच्या कडा सगळ्यांत बारीक ब्रशनं सोडवून घेतल्या. नाव नाही तर नाही. हे तरी राहील. कुणाला कळणार आहे?

अभिनेत्रीनं आरशात बराच वेळ पाहिलं. अनेक चेहरे लावून उतरवलेली बाई ती. तिनं विचारलं, "हा कुणाचा आहे?"

"आमच्या घरातला," ताई म्हणाली.

महिन्याभरानं अंक आला. ताई काम संपवून संध्याकाळी घरी पोचली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. मांडीवर मासिक, हातात भिंग. ताईनं जिन्यातच शब्द जुळवून ठेवले होते, की या वेळी राहून गेलं, पुढच्या अंकात नक्की. पण चप्पल काढता काढता ती थबकली. आई नेहमीच्या जागेवर नव्हती. खुर्ची फिरवून बसली होती. मावळतीचं ऊन तिच्या डाव्या गालावर सरळ पडलं होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"ये इकडे," आई म्हणाली. "हे बघ."

तिचं बोट तळाच्या ओळीवर नव्हतंच. ते अभिनेत्रीच्या गालावर, त्या कोऱ्या दाण्यावर टेकलं होतं.

"हिलाही आहे गं. मधे सोडून. अगदी तस्सा."

मग ती बोलतच सुटली; एरवी दिवसाला मोजून बोलणारी बाई. सांगत होती, की हिचा पहिला सिनेमा लागला तेव्हा तू बालवाडीत होतीस. छापखान्यातल्या आम्ही चौघी बघायला गेलो होतो आणि येताना मला रडू आलं होतं, असा चेहरा देव एखादीला देतो म्हणून. आणि त्या चेहऱ्यावर इतकी वर्षं हे होतं. आतल्या पानावर अभिनेत्रीचं मनोगत होतं, की हा डाग मी जन्मभर लपवला, आता लपवणार नाही. आईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मग ओठ हलवत मनाशी पुन्हा वाचलं, मुद्रितं वाचायची तसं. एकही चूक निघाली नाही.

त्यानंतर तिनं भिंग बाजूला ठेवलं आणि चष्म्याच्या वरून लेकीकडे पाहिलं.

"तू होतीस ना तिथं? खरं सांग. हे तुझं काम तर नव्हे?"

आईनं आपल्या कामाबद्दल एवढ्या आतुरतेनं काही विचारावं, म्हणून ताई किती वर्षं थांबली होती. तो शिंतोडे उडवणारा टूथब्रश, तो दाणा सोडवून घेणारा ब्रश, तीन तास, फोटोग्राफरचं वाक्य, सगळं तोंडाशी आलं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्यानंतर आईला कळलं असतं, आपली पोर काय करू शकते. आणि तो वांग पुन्हा सगळ्या जगात एकट्या आईचा झाला असता.

आईचा हात मासिकावर घट्ट दाबलेला होता. कुणी ओढून नेईल की काय, तसा.

"नाही," ताई म्हणाली. "खाली छापलंय ना."

"हो, ते मी आधीच पाहिलं. मेकअप, नाही." आईनं श्वास सोडला. "वाटलंच मला. तुझा हात लागला असता तर हा राहिला असता होय? तुम्ही पुसणारी माणसं."

ताई डब्याचं ओझं खांद्यावरून उतरवत होती. ते उतरायला वेळ लागला.

"मग तुला बोलावलं कशाला होतं?"

"केस सारखे करायला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

आईनं हात लांब करून लेकीच्या मनगटावर दोनदा थोपटलं, लहानपणी गणित चुकल्यावर थोपटायची तसं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, की मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांनाच जमतं असं नाही. तू कष्टाळू आहेस, तेवढं पुरे. नावाचं मी आता विचारणार नाही.

ते थोपटणं ताईनं उभ्या उभ्या सोसलं. ‘तुझं नाही’ हे तिला पचायचं. ही दया नव्यानं शिकावी लागणार होती.

ऊन खाली सरकायला लागलं तशी आईला घाई झाली. फोन काढ म्हणाली, एक फोटो घे. इकडून घे, या बाजूनं. आणि मान न वळवता, डावा गाल पुढं करून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. ताईनं फोन धरला. एक पांढरी बट गालावर आली होती. सवयीनं तिचा हात पुढं गेला.

आईनं चेहरा मागे घेतला. "हात नको लावूस. जशी आहे तशी येऊ दे."

ताईनं बटेसकट फोटो काढला. आईनं तो मागून घेतला, मासिकाशेजारी धरला आणि भिंग उचललं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग पुन्हा इकडे. छपाईत राहून गेलेलं काही शोधावं, तसं बराच वेळ पाहत राहिली.

"तिचा जास्त चांगला आलाय," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.