नऊ नाण्यांवरची साय

पारख्याने तबकावरचं फडकं उचललं. नऊच्या नऊ नाणी लखलखत होती. काल कुलूप लावताना ती काळपट होती, कडेला निळसर, मध्ये तांबूस. जुन्या चांदीवर पन्नास-साठ वर्षांनी चढतो तशा थराची. आता त्यातलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. तबकाशेजारी ओली चिंधी पडली होती आणि वाटीत खायच्या सोड्याचा लगदा.

आतल्या नळावर त्याची बायको हात धूत होती. गुणगुणत होती.

त्याने सगळ्यात मोठं नाणं कडेने धरून खिडकीकडे तिरकं केलं. हजार हातांतून गेलेल्या नाण्यातही अक्षरांच्या कुशीत मूळची थोडी चमक लपून राहते. नाणं हलवलं की तीही हलते. इथे काही हलेना. सगळीकडून एकसारखा पत्र्यासारखा उजेड. भिंगाखाली परदेशी राजाच्या गालावर बारीक ओरखडे दिसले, सगळे एकाच दिशेने. काम नेटकं होतं. तिचा हात, तो वाकडातिकडा कसा चालणार!

दुकान दोघांचं. देश, साल, वजन, चांदीचा कस त्याने बघायचा; नाणं किती झिजलंय आणि तरी त्याचं मोल काय, हे तिने सांगायचं. शिकली कुठेच नव्हती, पण शिकलेले लोक तिला विचारायला यायचे. त्या काळ्या थराला ती साय म्हणायची. "साय काढलीत तर खाली पाणीच उरेल हो," असं गिऱ्हाइकांना दटावायची. लेकीने लहानपणी एक नाणं फ्रॉकला पुसलं, तर हिने चार वर्षांच्या पोरीशी दोन दिवस अबोला धरला होता. दुसऱ्या कुणी ही नाणी घासली असती, तर पारख्याला निदान त्याला चूक तरी म्हणता आलं असतं.

डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच तिला बाहेर बसवून त्याला सगळं सांगितलं होतं. लेक रोज फोनवर विचारायची, "बाबा, आईला सांगितलंत?" तो रोज म्हणायचा, "आज जरा गर्दी होती गं." दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं यायची.

आज त्यातलं पहिलं लवकर आलं.

"आहेत का मंडळी?" दार ढकलून बोटीवरचा आचारी आत शिरला. तीस वर्षं समुद्रावर भांडी ढवळून आता निवृत्त झालेला. नाणी त्याचीच, बंदराबंदरांतून खिशात साठलेली. "उद्या या" म्हणायला पारख्याने तोंड उघडलं, तोवर आचाऱ्याची नजर तबकावर गेली.

"अरे वा! ही माझीच? नवी नवरीच केलीत की! भाव दुप्पट ना आता?"

"बघू बरं," म्हणत बायको हात पुसत बाहेर आली. तिने तबक ओढलं, मोठं नाणं दोन बोटांत कडेने धरलं. तिच्या नखांत पांढरा सोडा बसला होता.

"राजाचा कान बघा, भाऊ. कान झिजलाय, पण त्यावरची बट शाबूत आहे. म्हणजे बाजारात फिरलंय, पण फार धक्के खाल्लेले नाहीत. चांगलं होतं."

"होतं?"

तिने दुसरं नाणं उचललं, तिसरं उचललं. मग बाकीच्यांवरून नुसतीच नजर फिरवली.

"कुणीतरी घासलीत. सगळी." तिचा आवाज उतरला. "जाणता माणूस आता ही घेणार नाही, भाऊ. उरली ती नुसती चांदी. वजनावर जाईल."

"मी तर काळीच दिली होती, वहिनी."

"काळीच हवी होती." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, कुणी केलं हे? ज्याने केलं त्याला पुन्हा या दुकानात पाऊल टाकू द्यायचं नाही. मग तो कुणी का असेना."

आचारी तिच्या नखांकडे बघत होता. सोडा त्याला नाही कळणार तर कुणाला! त्याने काहीतरी म्हणायला मान वर केली.

"मी घासली," पारखी घाईने म्हणाला.

आचाऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"असू द्या," तो म्हणाला. "मला तशी विकायची नव्हतीच." त्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तो लगेच निघाला. दार मात्र त्याने अगदी हळू ओढून घेतलं.

ती स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसली.

"तुम्ही घासलीत?"

"हो."

"कधी?"

"सकाळी असेल. आठवत नाही."

ती रागावेल म्हणून तो थांबला. ती रागावली नाही.

"असं आधी कधी झालंय?"

"झालंय. मागे एकदा घरचा रस्ता सापडेना. दुधाची पातेली तर किती जाळली."

"तरीच मेली पातेली काळी," ती म्हणाली. "आणि मला बोलला नाहीत?"

"धीर झाला नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

त्याने टेबलाची कड धरली. दोन महिने जे वाक्य तिला सांगता आलं नव्हतं, ते आता आपसूक बाहेर येत होतं, आणि ते तो स्वतःबद्दल सांगत होता, एवढंच त्यात खोटं होतं.

"हळूहळू सगळं जाईल म्हणाले. आधी आजचं, मग कालचं. शेवटी माणसं."

"औषध?"

"नाही."

समोरच्या दुकानदाराने शटर वर ढकललं.

"म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

तिने डोळे पुसले नाहीत, त्याचे पुसले.

"असं रडतात का? मी कुठे जातेय?" ती म्हणाली. "तुम्ही विसरलात तर मी सांगेन, कोण मी ते."

"रोज सांगशील?"

"रोज."