जीनवाल्या डॉक्टरचा हात

तळेघरच्या शाळेपुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आडवाटेच्या वाड्यांवरून माणसं तासन्‌तास चालत आली होती आणि डॉक्टर अवधूतानंदांच्या काचेच्या भांड्याकडे टक लावून बसली होती. डॉक्टरांच्या अंगात पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि हातात मोबाइल. त्याला तळेघरात रेंज नव्हती, पण दर दोन मिनिटांनी ते तो कानाला लावत. देव आणि विज्ञान एकाच माणसाच्या खिशात असल्यावर शंका घ्यायची कुणी?

दोन हजार तीन सालचा एप्रिल होता. "माणसाच्या जीनचा नकाशा पूर्ण झाला, पेपरात आलंय," डॉक्टर सांगत होते. "सात पिढ्यांचा दोष आता डोळ्याला दिसतो. और जो दिखता है, वो मिटता भी है."

डोंगरातल्या एका वाडीवरच्या सोमाजीने भांड्यात बोटं बुडवली. नितळ पाणी बघता बघता काळं झालं. बायका तोंडावर पदर घेऊन मागे सरल्या. डॉक्टरांनी सोमाजीच्या दंडात सुई टोचली, भांड्यात पांढरी चिमूट टाकली, ढवळलं, आणि पाणी निवळलं. मग ताजं पाणी घेऊन आळ्याहून आलेल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याची बोटं बुडवली. त्याचं पाणी होतं तसंच राहिलं.

"हे शुद्ध रक्त," डॉक्टर म्हणाले. "दोष डोंगरातल्या रक्तात आहे."

डोंगरातली माणसं खाली मान घालून ओळीत उभी राहिली.

साळुबाई मागे पितळी तांब्या धरून उभी होती. आत्ताच, सुया सुरू व्हायच्या आधी, तिनेच डॉक्टरांना भाकरी वाढली होती आणि हातावर पाणी घातलं होतं. तिच्या शेजारी लेक हर्षाली. फाल्गुनात हर्षालीचं पाणी काळं झालं, तेव्हा पोटातलं लेकरू तरी शुद्ध निघावं म्हणून सासरच्यांनी तिला सुई टोचून घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, सातव्या दिवशी पाच महिन्यांचं पोट पडलं. डॉक्टर म्हणाले, दोष फार जुना होता, दुसरी सुई लागेल. सासरचे म्हणाले, ती घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. आज तीच सुई होती.

साळुबाईने दीड महिना कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. रोज रानात हिरडा झोडायचा, वाळत घालायचा आणि डॉक्टरला मनात शिव्या मोजायच्या. परवा लोखंडी घमेल्यात हिरडा भिजून पाणी काळं पडलेलं तिने पाहिलं. हे ती जन्मभर पाहत आली होती, पण परवा ते घमेलं तसंच उचलून ती थेट शाळेतल्या कपिल गुरुजींकडे गेली.

हर्षालीची पाळी आली, तसे गुरुजी पुढे झाले. "डॉक्टर, लोक घाबरलेत. एकदा तुमची बोटं बुडवून दाखवा, म्हणजे धीर येईल."

डॉक्टर हसले. शुद्ध माणसाला भीती कसली? त्यांनी ऐटीत पाची बोटं बुडवली, आणि पाणी काळं झालं.

ओळीतली माणसं भांड्याजवळ सरकली.

"सात पिढ्या का चौदा?" साळुबाईने विचारलं.

"या बाईनं काहीतरी..." डॉक्टरांनी हात मागे घेतला.

"केलं ना," ती म्हणाली. "हिरड्याच्या पाण्यानं तुमचं हात धुतलं. आमचं हात आमी रोज त्याच्यातच घालतो."

गुरुजींनी लोकांकडे तोंड केलं. "भांड्यात हिराकस आहे, लोखंडाचा क्षार. हिरड्याचा तुरटपणा त्याला लागला की शाई होते. पांढरी चिमूट लिंबूसत्वाची, ती शाई फिकी करते. आळ्याच्या पावण्यांनी हिरडा तोडला नाही, म्हणून त्यांचं पाणी काळं झालं नाही. यात रक्त कुठेच नाही."

साळुबाईने टेबलावरची भरलेली सुई उचलली. "दोष निघालाय तर तुमीबी घ्या की, राव."

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. "नको. बाई, नको."

"का? काय हाय हिच्यात?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खोटं नव्हतं. "खोकी येतात. टोचायचं, आठव्या दिवशी रक्त काढून परत पाठवायचं. जीनवरचं नवीन औषध आहे एवढंच सांगितलंय."

"माझ्या लेकीचं लेकरू ह्याच्यानंच गेलं का?"

"माहीत नाही."

तो हो म्हणाला असता तरी साळुबाईला इतका संताप आला नसता. तिने त्याचा दंड धरला आणि सुई टेकवली.

"साळुबाई, न विचारता टोचणारा तो," गुरुजी हळूच म्हणाले. "तुम्ही नाही."

तिने सुई खोक्यात ठेवली, तांब्यातलं उरलेलं हिरड्याचं पाणी भांड्यात ओतलं आणि डॉक्टरचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात दाबून धरले. सोमाजीने खांदे धरले. कुणीही सोडवायला आलं नाही.

"साबणानं जात न्हाई हे," ती म्हणाली. "आठ दिस ऱ्हातंय. तवर जिथं जाशील तिथं लोक इचारतील."

दुपारच्या एसटीने डॉक्टरांना घेऊन सगळे घोडेगावच्या पोलीस ठाण्यात निघाले. खोकी साळुबाईच्या मांडीवर होती. हर्षालीने डॉक्टरांच्या पिशवीतून सुईच्या वेळी आपली सही घेतलेला इंग्रजी कागद काढून गुरुजींना दिला.

"यात लिहिलंय," गुरुजींनी वाचून सांगितलं, "की तू सगळं समजून घेऊन, स्वखुशीने सुई घेतलीस."

"मला कुणी एक शब्द वाचून दाखवला न्हाई," हर्षाली म्हणाली.

माणसाच्या जीनवर खरंखुरं काम करणारे शास्त्रज्ञ जगात आहेत, आणि उद्या त्यांची औषधं तुमच्या-आमच्या दारात येतीलही. तेव्हा भांड्यातल्या पाण्याकडे बघू नका. सुईत काय आहे, ती कुणावर आजमावून झाली आणि बिघडलं तर जबाबदार कोण, हे आपल्या भाषेत विचारा. उत्तर कळेपर्यंत दंड पुढे करू नका. हर्षालीला हे विचारायची संधी कुणी दिली नाही, आणि तिचं लेकरू कशाने गेलं ते तिला आजही माहीत नाही.