नवव्या संचाची उत्तरसूची

शालिग्राम सरांना प्रश्न काढायचा नाद होता. धुळ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाची माणसं सकाळी पांझरा नदीच्या पुलाकडे फिरायला जात, तेव्हा सर टेबलाशी बसून सीईटीचे सराव प्रश्न काढत. ते म्हणत, प्रश्नाचं कसब बरोबर उत्तरात नसतं, चुकीच्या तीन पर्यायांत असतं. पोरगं जिथे घसरणार, तिथेच नेमका एक पर्याय मांडून ठेवायचा. म्हणजे घसरल्यावर त्याचं त्यालाच कळतं, आपला पाय कुठे पडला ते.

असे सोळा संच त्यांनी तयार केले होते. प्रत्येकात पन्नास प्रश्न. धुळ्यात घराच्या गच्चीवरच्या खोलीत पंचवीस-तीस मुलं यायची, त्यांच्याकडून सर ते सोडवून घेत. आणि महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एसटीने शिंदखेड्याला जात. तिथल्या एका शाळेचा हॉल त्यांना मिळाला होता. आसपासच्या खेड्यांतली, क्लास लावणं ज्यांना जमत नव्हतं अशी अकरा मुलं तिथे जमत. सर दोन-तीन तास शिकवत आणि जाताना पुढच्या महिन्याचे संच हातात देत, मागे उत्तरसूची टाचलेली. घरी घड्याळ लावून सोडवा, आपले आपण तपासा, असं बजावत.

त्या अकरांत सारिका होती. शिंदखेड्यापासून नऊ किलोमीटरवरच्या गावातल्या रुपचंद पाटलांची मुलगी. बोलायला कमी. पण सरांनी फळ्यावर काही लिहिलं की तिची मान जरा तिरकी व्हायची, आणि मान सरळ झाली की समजावं, हिला उत्तर सापडलं. तिला कृषी पदवीला जायचं होतं, तेही धुळ्याच्याच कृषी महाविद्यालयात. पहिल्या आठ संचांत तिला पन्नासपैकी एक्केचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस असे गुण पडत होते. सरांनी घरी ज्योत्स्नाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, दोनदा सांगितलं होतं की या वर्षी शिंदखेड्याची पोरगी धुळ्याच्या पोरांना मागे टाकणार.

जूनमध्ये निकाल लागला. सरांनी सगळ्यांचे निकाल मागवून घेतले. सारिकाचा आला नाही, तेव्हा त्यांनी रुपचंदभाऊंना फोन लावला. रुपचंदभाऊ जरा अडखळले आणि म्हणाले, अडतीस. सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. अडतीस पर्सेंटाइल, सर, असं रुपचंदभाऊ म्हणाले, आणि वर त्यांनीच सरांची माफी मागितली. तुम्ही एवढं शिकवलं, पोरीने नाव राखलं नाही, असं काहीतरी.

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलगी आजारी पडली असेल, केंद्रावर संगणक बंद पडला असेल, असे तर्क त्यांनी करून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून ते तिच्या गावी गेले.

घर गावाच्या कडेला होतं. ओट्यावर पपईची रोपं ठेवली होती. सारिकाच्या आईने, यशोदाबाईंनी, पाणी आणून दिलं आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. रुपचंदभाऊ सरांशेजारी बसले. सारिका आतून आली, नमस्कार केला आणि खाली बसली. सरांनी तब्येतीचं विचारलं, पेपरच्या दिवसाचं विचारलं. तब्येत बरी होती. संगणकही बंद पडला नव्हता. पेपर अवघड होता का, या प्रश्नावर ती म्हणाली, नव्हता.

"मग काय झालं, बेटा?"

"उत्तर यायचं, सर. पण जे आलं ते बरोबर नसणार असं वाटायचं. म्हणून दुसरं टिक करायचे."

सरांना याचा अर्थ लागेना. तेव्हा यशोदाबाई चौकटीशी उभ्या राहूनच बोलल्या, "ती जेवे बी नही, सर. रोज तेच गणित करे, आन रोज खोडे. पोर पार सुकाई गयी." आणि आत जाऊन त्यांनी एक जाड वही आणून सरांच्या मांडीवर ठेवली.

वहीच्या पहिल्या पानावर सारिकाने तक्ता आखला होता. संच क्रमांक, तारीख, गुण. आठव्या संचापुढे चव्वेचाळीस होतं. नवव्यापुढे तेरा. दहाव्यापुढे अकरा. अकराव्यापुढे चौदा. मग पुन्हा अकरा, मग दहा. सोळाव्यापर्यंत हे असंच चाललं होतं, आणि बाराव्यापासून गुणांचा आकडा पेनाने इतका बारीक लिहिला होता की तो कुणाला दिसू नये अशीच इच्छा असावी.

सरांनी नववा संच उघडला. सातवा प्रश्न अगदी साधा होता, दहा-दहा ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध किती. सारिकाने सुबक अक्षरात सोडवून पाच ओहम लिहिलं होतं. मग त्यावर आडवी रेघ. खाली लाल पेनाने, उत्तरसूचीप्रमाणे पर्याय (क), वीस. आणि त्याच्याखाली अर्धं पान भरून तिने वीस कसं येईल याचा शोध घेतला होता. जोडणीच्या तारांचा रोध धरायचा असेल. आकृती न दिल्यामुळे समांतर म्हणजे वेगळं काही असेल. शेवटी लिहिलं होतं, माझी संकल्पना चुकते आहे, धडा पुन्हा वाचणे.

पुढचं पान तसंच. स्प्रिंग मधोमध कापली तर प्रत्येक तुकड्याचा स्थिरांक दुप्पट होतो, हे तिने बरोबर काढलं होतं, मग खोडलं होतं, आणि निम्मा होतो असं स्वतःला पटवून देण्यासाठी एक समीकरण ओढूनताणून उलटं केलं होतं. सर पानं उलटत गेले. सगळीकडे आधी बरोबर उत्तर, मग रेघ, मग चुकीकडे जायचा खटाटोप. पुढे पुढे बरोबर उत्तर लिहायचंही तिने सोडून दिलं होतं. आधी सूची बघायची आणि तिथे कसं पोचायचं ते शोधायचं.

टाचलेली उत्तरसूची वहीतच होती. सरांनी ती हातात घेतली, आणि दोन-चार ओळी पडताळल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

धुळ्याच्या खोलीत मुलं मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या बघून लिहायची म्हणून दिवाळीनंतर सरांनी नवव्यापासून पुढच्या संचांतल्या प्रश्नांचा क्रम बदलला होता. प्रश्नपत्रिका नव्या क्रमाने छापल्या गेल्या. उत्तरसूची, जिच्यात फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर असे, जुन्याच क्रमाची राहिली. धुळ्यात ते कुणाला कळलं नाही, कारण तिथे प्रत्येक प्रश्न सर स्वतः फळ्यावर सोडवत, सूची कुणी उघडतच नसे. ती उघडायची गरज फक्त या अकरा मुलांना होती. त्यांतली काही तपासायच्या भानगडीत पडली नसतील, काहींना छापण्यातली गडबड वाटली असेल. सरांवर पूर्ण विश्वास टाकणारी बहुधा ही एकटीच होती. शिंदखेड्याचे रविवारही डिसेंबरपासून बंद पडले होते, हॉलचं छत दुरुस्तीला काढलं म्हणून. नंतरचे संच सरांनी एसटीच्या पार्सलने पाठवले होते.

आणि तिने फोन केला होता. तेही सरांना आता आठवलं. जानेवारीत भुसावळला मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं, मांडवात बँड वाजत होता, आणि सारिका वडिलांच्या फोनवरून विचारत होती की सर, नवव्या संचाची उत्तरं जुळत नाहीत. सरांनी एका कानात बोट घालून सांगितलं होतं की सूची मी दोनदा तपासली आहे, बेटा, तुझंच कुठेतरी चुकत असेल, संकल्पना पुन्हा वाच. खोटं ते बोलले नव्हते. दोनदा तपासली होतीच, जुन्या क्रमाशी लावून.

सरांनी वही मिटली. तिघांनाही त्यांनी सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. चूक माझी आहे, पोरीची एकही नाही, हे दोनदा सांगितलं. यशोदाबाईंना क्रमबिमाचं फारसं कळलं नसावं, पण त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. सारिका वहीकडे बघत राहिली.

"म्हणजे पाच ओहमच होतं," ती म्हणाली.

"पाचच होतं."

तिने मान हलवली. ती चिडली असती, रडली असती, तर सरांना काही करता आलं असतं. तिने उठून रोपांना पाणी घातलं.

घरी आल्यावर सरांनी हातपाय हलवून पाहिले. परीक्षा घेणाऱ्या कचेरीच्या मदत क्रमांकावर दोन दिवस फोन लावला. तिसऱ्या दिवशी लागला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं की परीक्षेत काही तांत्रिक अडचण आली होती का. सर म्हणाले, परीक्षेत नाही, सरावात. बाई म्हणाल्या, त्याचं आम्ही काय करणार, सर. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनीही तेच सांगितलं. अशी चूक दाखल करायला कुठे खिडकी नव्हती.

मग सरांनी रुपचंदभाऊंना सुचवलं की एक वर्ष थांबू द्या, मी रोज फोनवर शिकवतो, आठवड्याला गावी येतो. भाऊंची हरकत नव्हती. त्यांनी फोन मुलीकडे दिला. सरांनी तिला म्हटलं, एक प्रश्न देतो, तोंडीच सांग. तीस अंशांत फेकलेला चेंडू जितका दूर पडतो, तितकाच दूर आणखी कोणत्या कोनात फेकला तर पडेल? सारिका लगेच म्हणाली, साठ.

"साठ बरोबर आहे, बेटा."

"सर, मला आता तुम्ही बरोबर म्हणालात तरी तसं वाटत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "आणि चूक म्हणालात तरी नाही. वर्षभर हे असंच होईल."

एकतीस वर्षांत सरांनी काहीच येत नसलेली मुलं पाहिली होती, आळशी पाहिली होती, घाबरट पाहिली होती. ज्याचं येत असलेलं गळून पडलं असं पोर त्यांच्यापुढे पहिल्यांदा आलं होतं, आणि ते त्यांच्याच हातून गळलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी आठही संचांच्या सूच्या नव्याने लावल्या, तीन-तीनदा तपासल्या आणि उरलेल्या दहा मुलांना व्हॉट्सॲपवर पाठवल्या. दोघांनी अंगठा पाठवला. बाकीच्यांनी उघडूनही पाहिलं नाही. परीक्षा होऊन गेली होती.

जुलैच्या शेवटी कळलं की सारिकाने शिंदखेड्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. सर तडक निघाले. तिथले प्राचार्य त्यांचे जुने विद्यार्थी होते. बी.एस्सी.च्या चार जागा रिकाम्या होत्या, बारावीच्या गुणांवर ती कुठेही बसत होती. प्राचार्य म्हणाले, आज अर्ज बदलून दिला तर आजच करतो, उद्या यादी विद्यापीठाला जाते. सरांनी रुपचंदभाऊंना फोन करून सगळं समजावलं. सारिकाला फक्त यायचं होतं आणि एका कागदावर सही करायची होती.

सर कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले. बारा वाजता बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. रस्त्यावर एसटी थांबली की ते उभे राहत. शिपायाने दोनदा चहा आणून दिला. चार वाजता गाडीतून रुपचंदभाऊ उतरले, एकटेच. अंगावर धुतलेला सदरा, पायात शेतातली चप्पल.

"ती नही येवाव, सर," ते बाकावर बसत म्हणाले. मग सर शहरातले म्हणून जरा सावरून बोलू लागले. पोरगी घरी रागावलेली नाही, सरांबद्दल कुणाला वाईट बोलू देत नाही. पण म्हणते, बी.ए.त एकच उत्तर नसतं, तिथे मला झोप लागेल. त्यांना स्वतःला यातलं काही कळत नव्हतं. कळत असतं तर बांधून आणली असती, असं म्हणून ते कसनुसं हसले.

सरांनी विचारलं, मी येऊन बोलू का. रुपचंदभाऊंनी नकारार्थी मान हलवली, आणि मग सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मानूस शे, चुकस. तुम्ही मनले लाई लेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका, हे सरांना ऐकवेना. दोष दिला असता तर तो घेऊन ते घरी गेले असते. हा हात कुठे ठेवायचा ते त्यांना समजेना. ते नुसते बसून राहिले, आणि शेजारी रुपचंदभाऊही, जसं कुणाच्या दारात दुखवट्याला माणसं बसतात.

पाचला कारकुनाने यादी बंद केली आणि खिडकीला कडी घातली. रुपचंदभाऊंची गाडी आधी होती. चढताना त्यांनी सरांना पुढच्या रविवारी जेवायला यायचं आग्रहाने सांगितलं. सर हो म्हणाले. गाडी गेल्यावर ते स्थानकात धुळ्याच्या गाडीच्या फलाटावर जाऊन बसले, पण पहिली गाडी आली तेव्हा ते उठलेच नाहीत, आणि ती तशीच निघून गेली.