मान्य आहे

"मग 'मान्य आहे' हे बटण दाबलं कोणी?" वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

बाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी नाही दाबलं. मला असलं काही कोणी दाखवलंच नाही. दाखवलं असतं तर मी वाचलं असतं. शाळेत जन्म गेला माझा, न वाचता कशावर बरोबरची खूणसुद्धा केलेली नाही मी."

वकिलांच्या त्या कोंदट खोलीत बाईंच्या वसाहतीतली आणखी चार-पाच माणसं अंग चोरून बसली होती. दाराजवळच्या स्टुलावर झटपट बसला होता. बाईंना हाताला धरून जिना चढवून तोच घेऊन आला होता. वकिलांचा प्रश्न ऐकल्यावर तो खिडकीबाहेरच्या पाइपाकडे बघायला लागला.

त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. घरोघरी कॅमेरे बसवायचं त्याचं काम, आणि हात असा चालायचा की चहाला आधण येईपर्यंत कॅमेरा भिंतीवर आणि चित्र फोनवर. म्हणून झटपट. शिडीवरून उतरला की तो हात पुढे करायचा, "आणा तुमचा फोन इकडे." कंपनीचं ॲप उघडलं की आधी अटींचं हे लांबलचक पान यायचं. ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलं तर ते चष्मा शोधणार, मग जावयाला फोन लावणार, मग उद्या या म्हणणार. त्यापेक्षा आपला अंगठा बरा. कंपनीच्या साहेबाने शिकवतानाच सांगितलं होतं, "त्या पानावर थांबायचं नाही, गिऱ्हाईक थंड होतं." सगळेच फिटर तसं करायचे. अख्ख्या वसाहतीच्या वतीने झटपटने मान्य करून टाकलं होतं.

बाई न्हाणीघरात घसरून पडल्या, त्यानंतर त्यांच्या परदेशातल्या मुलाने हट्ट धरला की आईच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा हवाच. बाई नको नको म्हणत होत्या. शेवटी पोराचा जीव शांत राहू दे म्हणून हो म्हणाल्या. कॅमेरा बसला. आणि त्यातून जे जे दिसलं ते कंपनीने हजारो घरांच्या चित्रणाच्या ढिगाऱ्यात टाकून दिलं, कुलूप न लावता. कोणीतरी तो ढीग उचलला. नुसता उचलला नाही, निवडला. झोपायच्या खोल्या एकीकडे, म्हातारी माणसं एकीकडे, असे गठ्ठे करून विकायला काढले. अशा गठ्ठ्यांनाही गिऱ्हाईक असतं, हे ऐकलं तेव्हा झटपटला हातातला घास खाली ठेवावा लागला होता.

बाईंचे हात थरथरतात. सांभाळायला येणारी मावशी त्यांचे कपडे बदलते, बटणं लावते. तेवढाच तुकडा कोणीतरी एक पांचट गाणं जोडून सोडला, आणि तो फिरत फिरत वसाहतीतल्या फोनांवर आला. ज्यांची पोरं बाईंच्या हाताखाली शिकली, त्यांच्या फोनांवर. मग माणसं सांत्वनाला यायला लागली. आलेला प्रत्येक जण बसायच्या आधीच म्हणायचा, "मी नाही हो बघितलं." म्हणजे बघितलेलं असायचं. थू!

"आता नीट ऐका," वकील म्हणाले. "सरकारचं माहिती संरक्षण कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. ती करूच. त्यांनी दंड केला तर तो सरकारजमा होतो, पण ती चित्रं काढून टाकायचा हुकूम ते देऊ शकतात. दुसरं, कंपनीचा हा निरोप."

निरोप सगळ्यांनाच आला होता. आपली गोपनीयता आमच्यासाठी सर्वोच्च आहे, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, आणि सदिच्छा म्हणून वर्षभराची सेवा मोफत, शिवाय एक कॅमेरा भेट. खाली पुन्हा तेच बटण.

"ते दाबलंत की सगळे हक्क सोडलेत," वकील म्हणाले. "कोणी दाबू नका."

"आणखी एक कॅमेरा?" बाई म्हणाल्या. "न्हाणीघरात लावू म्हणावं का?"

वकिलांनी पान उलटलं.

"तिसरं म्हणजे कोर्ट. सगळ्यांनी मिळून दावा लावायचा. पण त्या अटींत लिहिलंय की वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, कंपनीच्याच पंचापुढे जायचं. त्या पंचाचा पगार कोण देतं ते सांगायला नको. म्हणून विचारतोय. तुम्ही मान्य केलं असेल तर आपण अडकलो. केलं नसेल, आणि कोणी केलं हे दाखवता आलं, तर कोर्टाचं दार उघडतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. झटपट पाइपाकडेच बघत राहिला. त्याने बाईंना पुन्हा हाताला धरून जिना उतरवला आणि घरी पोचवलं.

स्वतःच्या घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

"गप्प बसायचं," बायको म्हणाली. "ते काय तू चोरलंस? कंपनी उद्या तुला हाकलून देईल. आणि लोक? कॅमेऱ्याचं राहू दे, बल्ब बदलायलासुद्धा कोणी घरात घेणार नाही तुला. पोरीच्या शाळेत काय तोंड दाखवायचं मी?"

"बाईंचं काय मग?"

"बाईंचं वाईट झालं. मला नाही का वाटत? पण तू बोललास म्हणून ते पुसलं जाणारे का?"

ती खोटं बोलत नव्हती. तो पानावर बसला. त्याला तो दिवस आठवत होता. कॅमेऱ्याचा कोन नीट बसलाय का ते बघायला तो बाईंच्या पलंगावर स्वतः आडवा झाला होता. पायापासून उशीपर्यंत सगळं येतंय ना, हे फोनवर पाहून घेतलं होतं. आणि वर मोठ्या दिमाखात म्हणाला होता, "सगळं दिसतंय बाई, काही काळजी करू नका." तो उठला, मोरीवर गेला आणि साबण घेऊन हात घासत बसला. अंगठा लाल झाला तरी घासत होता. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाईंकडे गेला. कॅमेरा अजून तिथेच होता. पुराव्याचे फोटो निघेपर्यंत हात लावू नका, असं वकिलांनी बजावलं होतं. बाईंनी त्याच्यावर उशीचा अभ्रा घातला होता.

"बाई, ते बटण मी दाबलं होतं."

बाई पेपर वाचत होत्या. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"काल तिथे बसून होतास तू."

"हो."

"मी सगळ्यांदेखत म्हणत होते, मी नाही दाबलं, मी नाही दाबलं. ते वकील माझ्याकडे म्हातारीला आठवत नसेल अशा नजरेनं बघत होते. आणि तू खिडकीबाहेर बघत होतास."

"चुकलं, बाई."

"अरे, माझ्या हातात द्यायचास की फोन! किती वेळ गेला असता? मी वाचलं असतं आणि तुला शिडीसकट घालवून दिलं असतं. त्या नालायकांची मला शिसारी येते ना, तशीच आत्ता तुझी येतेय. बस तिथे. नाही, बसू नकोस. उभाच राहा."

तो उभा राहिला. बाईंनी काठी घेतली. "चल वकिलांकडे. आजच."

वकिलांनी त्याचा जबाब लिहून घेतला. मग पेन बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघ, कंपनी हात झटकेल. सगळं खापर तुझ्यावर फोडेल. काम तर जाईलच. तुझ्यावर उलटा दावाही लावतील कदाचित. घरी विचारून ये हवं तर."

"विचारलंय," झटपट म्हणाला. बायको काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही. त्याने कागद ओढला आणि सहीची जागा शोधायला लागला.

काठी टेबलावर आपटली. "आधी वाच," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

त्याने वाचलं. अडखळत वाचलं. ग्राहकांना अटी दाखवल्या नाहीत, ग्राहकांच्या फोनवर मी स्वतः संमती दिली, असं कंपनीनेच शिकवलं होतं. एक ओळ त्याने गाळली, तेव्हा बाईंनी काठीच्या टोकाने कागदावर ती दाखवली. ती पलंगावर आडवं होऊन कोन तपासल्याची ओळ होती. त्याने ती वाचली. मग सही केली.

आठवडाभराने फोटो काढून झाले. तोवर कंपनीने त्याला काढून टाकल्याचा निरोप आला होता आणि वसाहतीत दोन घरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. बाईंनी मात्र मावशीकरवी बोलावणं धाडलं. काढायला दुसरा कोणी नको, तूच ये.

त्याने अभ्रा उतरवला, घडी करून पलंगावर ठेवला. कॅमेरा काढला. स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवली, वाळल्यावर घासली आणि वर रंगाचा हात मारला. भिंतीवर काही होतं हे ठाऊक असलेल्यालाही सापडलं नसतं. मावशी धुतलेले कपडे घेऊन आली, तेव्हा तो शिडी उचलून बाहेरच्या खोलीत गेला. मागे दार लागलं.

"बाई, आता काही नाहीये तिथे," मावशीचा आवाज आला. "नुसती भिंत आहे."

"माहीत आहे मला. तू आडोशाला चादर धर."

"मी चादर धरली तर बटणं कोण लावणार?"

"मी लावते. तू धर."

नंतर आतून आवाज आला नाही. मध्येच एकदा मावशी म्हणाली, "वरचं राहिलं." झटपटने शिडी आवाज न करता भिंतीला टेकवली आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. बाईंची सगळी बटणं लावून होईपर्यंत तो तसाच थांबला.