फुगवलेला आकडा

जगातले सगळे ठेकेदार मिळकत लपवतात. मी एकटाच असा शहाणा, ज्याने ती फुगवली. वर त्या फुगवलेल्या मिळकतीवर करही भरला, तोही वेळेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझं काम गळती बंद करायचं. गच्च्या, बाथरूम, पाण्याच्या टाक्या. लोक मला ‘गळतीवाले’ म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. पण या धंद्यात पगाराची चिठ्ठी नसते. एखाद्या महिन्यात फोन खाली ठेवायला सवड नाही, तर पुढचे दोन महिने तो बिघडला की काय म्हणून आपणच आपल्याला फोन लावून बघायचा. घर घ्यायचं ठरलं तेव्हा बँकेतल्या साहेबाने माझे कागद दोन बोटांनी परत सरकवले. “तीन वर्षांचे चांगले रिटर्न आणा, मग बोलू,” म्हणाला.

आणले. हिशेब बायकोच लिहायची. तिच्या शिकवण्या आटोपल्या की संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती बिलबुक घेऊन बसायची आणि आम्ही दोघं मिळून गिऱ्हाइकं जन्माला घालायचो. एक निवृत्त कप्तान होता. घरात एकटा, बाथरूम चार, आणि चारही गळके.

“एकट्या माणसाला चार बाथरूम कशाला गं?” मी विचारायचो.

“आंघोळीचा शौक,” ती म्हणायची आणि पावती फाडायची.

दोन बहिणी होत्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या, त्यामुळे एकाच गच्चीची दोन बिलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या संसारात तेवढं हसणं परत झालं नाही.

कर्ज मिळालं, घर झालं. ती म्हणाली, आता पुरे, खरा आकडा लिहू. मी ऐकलं नाही. एकदा वर नेलेला आकडा खाली आणायचा म्हणजे लोक काय म्हणतील? जणू माझा रिटर्न कोणी चौकात टांगणार होतं! खरं सांगायचं तर तो आकडा मला आवडायला लागला होता. एकदा तिचा मोठा भाऊ जेवायला आला असताना मी ती फाईल सहज राहिल्यासारखी टेबलावर उघडी ठेवली होती. या दादाचं फरश्यांचं मोठं दुकान. बहीण ‘गळतीवाल्या’ला दिली म्हणून तो लग्नात नीट जेवलासुद्धा नव्हता. त्या दिवशी त्याने आकडा वाचला आणि मला पहिल्यांदा ‘जावईबापू’ म्हणाला.

गेल्या वर्षी बायकोने घटस्फोटाचा अर्ज केला. ती आणि मुलगी घरात राहिल्या, मी गोदामात आलो. केमिकलच्या डब्यांना लावून खाट टाकली. महिन्याभरात तिच्या वकिलाने माझेच रिटर्न माझ्यापुढे ठेवले. महिन्याला नव्वद हजार मिळकत, त्यावर पस्तीस हजार पोटगी, शिवाय घराचा हप्ता. प्रत्यक्षात मी कमवायचो कसेबसे पंचेचाळीस.

“एवढं देऊन धंदा किती दिवस चालेल?” माझ्या वकीलबाईंनी विचारलं.

“चार महिने.”

“मग?”

“मग दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर.”

बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थांपुढे सरळ खरं सांगा. तिथलं बोलणं खोलीबाहेर जात नाही. हिशेब तुमच्या मिसेसच लिहायच्या ना? मग त्या नाही कशाला म्हणतील? तुम्ही फक्त तोंडावर ताबा ठेवा.”

तीन रात्री मी ते एक वाक्य घोकलं: साहेब, आकडा फुगवलेला आहे. बावीस वर्षं कमावलेला धंदा एका वाक्यावर वाचणार होता.

मध्यस्थीची खोली लहान होती. करडं टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीवर कटकट करणारा पंखा. मध्यस्थ म्हणजे एक वयस्कर गृहस्थ, सर्दी झालेले. त्यांच्या एका बाजूला मी आणि वकीलबाई. समोर ती आणि तिचा दादा. त्यांचा वकील पोचायचा होता. ती वाळली होती. विचारावंसं वाटलं, जेवतेस ना? पण तो हक्क आता राहिला नव्हता.

मध्यस्थांनी फाईल चाळली, नाक पुसलं आणि म्हणाले, “मिळकतीचा आकडा दोघांना मान्य आहे ना?”

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी तीच बोलली.

“नाही. हा आकडा खरा नाही. घराच्या कर्जासाठी आम्ही वाढवून लिहिला होता. बिलं मीच बनवली.”

“अगं, काय बोलतेयस तू?” दादा ओरडला. “तुझंच नुकसान आहे यात!”

“असू दे. जे आहे ते आहे.”

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. टेबलाखालून तिचे पाय धरावेत असं वाटलं. आता मी नुसती मान हलवायची होती.

“मग खरी मिळकत किती?” मध्यस्थांनी विचारलं.

“निम्मी. कधी तेवढीही नाही,” ती म्हणाली. माझी बाजू भक्कम व्हावी म्हणूनच ती पुढे बोलत होती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. “पाऊस नसला की कामंच नसायची. घरखर्च माझ्या शिकवण्यांवर चालायचा. मुलीची फीसुद्धा मीच भरायचे.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. आधी नवलाने, आणि मग हळूहळू त्याचे ओठ रुंदावले.

“म्हणजे बडा घर पोकळ वासा!” तो म्हणाला. “वा, जावईबापू!”

वकीलबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. मला तो कळला. पण माझे कान तापले होते, आणि समोर फक्त ते ओठ दिसत होते.

“खोटं बोलतेय ती,” मी म्हणालो. “आकडा खरा आहे. नव्वद. मी कमावतो तेवढे.”

मध्यस्थांनी मला पुन्हा विचारलं, “नक्की?” मागे फिरायची ती शेवटची वाट होती. मी म्हणालो, “नक्की. माझ्या बायकोच्या जिवावर मी कधी जगलो नाही.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

मध्यस्थांनी नव्वदचा आकडा लिहिलेला कागद पुढे केला तेव्हा तिने सही केली, मीही केली. चौदा वर्षांत ती माझ्या बाजूने कितीदा उभी राहिली असेल, मी मोजलं नाही. पण मी तिला चारचौघांत खोटी ठरवलं ते नेमकं त्याच वेळी.

बाहेर जिन्यापाशी दादा गाडी आणायला गेला, तेव्हा मी तिच्याजवळ गेलो.

“तू का सांगितलंस? तुझं तर भलंच होत होतं.”

“तुमचा धंदा बुडावा असं मला कधीच वाटलं नाही.” तिने पर्स खांद्यावर घेतली. “लोक विचारतात, मारायचा का, प्यायचा का, मग सोडलंस कशाला? मला सांगता येत नाही. आज तुम्हीच दाखवलंत.”

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती थकली होती. पायऱ्या उतरताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

धंदा चार महिनेही टिकला नाही. तिसऱ्या महिन्यात मी टेम्पो विकायला काढला. घेणारा ओळखीचाच रंगारी, भला माणूस. त्याने टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला. मग पैसे माझ्या हातात ठेवताना जरा घुटमळला.

“शेठ, सगळं ठीक आहे ना? नाही म्हटलं, अडचण असेल तर बोला. आत्ताच माझ्याकडे गच्चीचं काम आलंय, माणूस हवाच आहे मला.”

मला काम हवं होतं. मालकाने गोदाम सोडायला महिन्याअखेरची मुदत दिली होती.

“छे, अडचण कसली?” मी म्हणालो. “याच्यापेक्षा मोठा घेतोय.”