फणसाचा चीक

रुक्मिणीने तेलाची वाटी सुनेपुढे सरकवली आणि फणसावर कोयता टेकवला.

"हाताक लाव आधी. नायतर चीक बसात, मग आठ दिस माझ्या नावान बोटां मोडशीत."

इल्दिकोने वाटीकडे पाहिलंही नाही.

सून हंगेरीची. बोटीवर इंजिनिअर असलेला सुदेश जग फिरून आला तो ही सहा फुटी गोरी बायको घेऊनच. "आये, ही देशाकडून हँडबॉल खेळायची," त्याने लग्नात सांगितलं होतं. हाताने चेंडू तर गावातली सगळीच पोरं खेळतात, असं म्हणून रुक्मिणीने तो विषय तिथेच मिटवला. पुढे कळलं, उजव्या खांद्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि खेळ सुटला. आता कपडे वाळत घालतानाही इल्दिको डावाच हात वर करायची. भाषा मात्र सासूकडून अशी उचलली होती, की बँकेतही ती ठणठणीत मालवणीत बोले आणि साहेबच गडबडून जाई.

तीन दिवसांपूर्वी तिच्या जुन्या क्लबातून फोन आला. लहान मुलींना शिकवायला वर्षभर ये म्हणत होते. घरापुढच्या खळ्यात येरझारा घालत ती बराच वेळ बोलली आणि आत येऊन म्हणाली, "नको म्हणान सांगलंय."

रुक्मिणीचा जीव भांड्यात पडला. सुदेश अर्धं वर्ष समुद्रावर. ही गेली असती तर या घरात भांडायला फक्त टीव्ही उरला असता. शिवाय एकदा गेलेलं माणूस परत येईलच, याची खात्री कोणी द्यावी? त्या दुपारी तिने सुनेच्या आवडीच्या तिसऱ्या, खाडीतले शिंपले, मुद्दाम आणवल्या.

फणस फुटला. पांढरा चीक ओघळला, तशी इल्दिकोने दोन्ही तळहात त्यात घातले. बोटाबोटांत चोळला. हात एकमेकांवर दाबून सोडवले, त्यांचा वास घेतला.

"काय करतंस गो?"

"आमच्या खेळात असोच चीक लायतत, आये. झाडाचो. चेंडू हातातसून सुटाक नये म्हणान."

रुक्मिणीला हसू आलं. तिचा अर्धा जन्म चीक काढण्यात गेला होता.

"मुद्दाम लायतत?"

इल्दिको हसली नाही. भिंतीपाशी नारळांचा ढीग होता. त्यातला एक असोला, न सोललेला नारळ तिने वरून पाच बोटांत पकडून उचलला. तळहात जमिनीकडे, तरी नारळ पडला नाही. मग ती उभी राहिली. डावा पाय पुढे टाकला, नारळ मागे नेला आणि खळ्याच्या टोकाला कपड्यांच्या दोरीचे दोन खांब होते त्यांच्या मधोमध नजर लावली. तिथे कुणीतरी उभं असावं अशी ती बघत होती. उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि अडकला.

या बाईचं हसणं, रडणं, रुसणं रुक्मिणीला पाठ होतं. ही बाई तिने कधी पाहिली नव्हती.

इल्दिकोने हात खाली घेतला. नारळ सोडवून ढिगात ठेवला आणि गरे काढायला बसली.

रुक्मिणीला आपल्या त्या तिसऱ्यांची लाज वाटली.

गरे काढून झाल्यावर तिने सुनेचे हात ओढून मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला तेल चोळू लागली. करंगळी वाकडी होती. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

"ह्यां बोट कशान मोडला?"

"खेळताना. त्या दिसा आमी जिकलंव."

रुक्मिणी चोळत राहिली.

"खयच्या महिन्यात बोलवल्यानी?"

"मी नको म्हणान सांगलंय, आये."

"ता माका म्हायत आसा. महिनो विचारतंय."

इल्दिकोने पुन्हा त्या दोन खांबांकडे पाहिलं.

"जुलैत."

"मगे पुढच्या फणसांक परत ये."

चीक केव्हाच निघाला होता. रुक्मिणीने वाटीतलं आणखी थोडं तेल घेतलं आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.