गुरुवारची रंगीत तालीम

शिवणबाईंचे यजमान गेले ते तसे सहज गेले. अवघड झालं ते त्यांना खाली आणणं.

घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा एक लाकडी खांब नको तितका पुढे आलेला. चौघांनी स्ट्रेचर तिथवर आणलं आणि घोडं अडलं. डावीकडून होईना, उजवीकडून होईना. शेवटी पट्टे आवळून त्यांनी स्ट्रेचर सरळ उभंच केलं. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी दार उघडलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांना चार बोटांपलीकडचं फारसं दिसत नसे, त्यात चष्मा आत राहिलेला. समोर शेजारी ताठ उभे दिसले, तसे ते मनापासून म्हणाले, "अरे वा, हिंडायला लागलात. बरं वाटतंय ना आता?"

कोणीतरी फसकन हसलं. आणि मग बाईही हसल्या. हसू काही केल्या आवरेना. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, भिंतीकडे तोंड केलं, तरी खांदे हलतच राहिले. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका फुटला. दोघी-तिघींनी पाठीवर हात ठेवला, त्यामुळे तर आणखीच हसू आलं. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या निरोपाला बायको हसत होती. हे बाईंनी पुढे कोणालाही सांगितलं नाही. सांगावं असं कोणी उरलंही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. कपडे शिवून घ्यायला येणारे लोक मापं द्यायचे, हात वर करा म्हटलं की वर करायचे, आणि जायचे.

चार वर्षांनी, एकाहत्तराव्या वर्षी, बाई तापाने आठवडाभर अंथरुणावर होत्या. बऱ्या झाल्यावर पहिल्यांदा खाली उतरताना त्या वळणावर थांबल्या आणि खांबाकडे बघत राहिल्या. मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. आज ना उद्या ते येणारच. पण या मेल्या जिन्यात आपलं हसं व्हायला नको, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी गळ्यातली टेप काढून वळण मोजलं, आकडे एका चिठ्ठीवर लिहिले आणि तडक शववाहिनीच्या थांब्यावर गेल्या.

थांबा इस्पितळाच्या मागच्या गल्लीत होता. टॅक्सीवाल्यांच्या बाकापासून बरीच लांब, एका बंद गोदामाच्या भिंतीशी ती गाडी उभी असायची. चहावाल्यानेच तिला तिकडे घालवलं होतं, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. तिचा ड्रायव्हर अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. टॅक्सीवाले त्याला 'शेवटची बस' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. पत्त्यांत मात्र कधी बोलवायचे नाहीत. त्याने पिसलेले पत्ते हातात घ्यायला कोणी तयार नसायचं.

बाईंनी त्याला स्ट्रेचरची लांबी विचारली. त्याने सवयीच्या हळू आवाजात आधी विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मी जायची आहे."

चोवीस वर्षांत त्याला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्याने निमूटपणे मागचं दार उघडलं. बाईंनी टेप लावली, दोन्ही टोकांच्या दांड्या मोजल्या, चिठ्ठीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि सांगितलं की वळणावर सव्वा वीत जागा कमी पडते. मग त्याला घर दाखवायचं म्हणून पत्ता लिहून दिला. तो म्हणाला की गुरुवारी दुपारी येईन. गुरुवारी दुपारी लोक सहसा मरत नाहीत, असा त्याचा अनुभव होता.

तो खरंच आला, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन. दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता. इमारतीत त्या वेळी घड्याळवालेच होते, म्हणून त्यांनाच धरून आणलं. बाई चपला काढून स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, हात पोटावर ठेवले आणि म्हणाल्या की आता मी मेलेली आहे, माझ्याशी कोणी बोलू नका. पण घड्याळवाल्यांना ते जमेना. दर चार पायऱ्यांनी ते वाकून विचारायचे, "ताई, बरं वाटतंय ना?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मेलेल्या बाई म्हणाल्या की वाटतंय, तुम्ही पायाखाली बघा.

वळणावर व्हायचं तेच झालं. स्ट्रेचर अडकलं. ड्रायव्हरने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि स्ट्रेचर खाली टेकवलं. घड्याळवाले धापा टाकत घरात गेल्यावर तो पायरीवर बसला.

"तुमच्या यजमानांच्या वेळी मीच होतो, ताई," तो म्हणाला. "पहिला हसलो तो मी. तुमची माफी मागायला यावं असं फार वेळा मनात आलं. पण आमच्यासारख्याने कोणाच्या दारात जायचं म्हणजे लोकांच्या पोटात गोळा येतो."

बाई स्ट्रेचरवर उठून बसल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मीही हसत होते. रडत नव्हते मी त्या दिवशी."

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

एवढंच. पण चार वर्षं उरावर बसलेला धोंडा कोणीतरी दुसऱ्या बाजूने उचलावा तसं बाईंना झालं. त्यांनी त्याला वर नेऊन चहा दिला. कप हातात देताना त्यांची बोटं त्याच्या बोटांना लागली, ती त्यांनी मागे घेतली नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं.

खांब कापायला घरमालकाने साफ नकार दिला. इमारत पडली तर जबाबदार कोण, असं तो म्हणाला. तेव्हा बाईंनी दुसरी वाट काढली. जाड कॅनव्हासची, माणसाच्या लांबीची एक झोळी शिवायची, दोन्ही कडांना चार-चार पट्टे. कापड वळेल तसं वळेल, लाकूड थोडंच वळतं? ड्रायव्हरने वजन कुठे येतं, खांदे कुठे धरायचे, मान कशी लोंबते, ते सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मानेखाली दुहेरी कापड घातलं आणि पट्ट्यांना तिहेरी टीप मारली. आयुष्यात इतक्या मापाने त्यांनी कोणाचा कोटही शिवला नव्हता.

पुढच्या गुरुवारी झोळी वळणातून लोण्यासारखी फिरली. बाई तीन मजले खाली गेल्या. डोळे मिटायचे ठरवलं होतं, पण त्यांनी ते उघडेच ठेवले. जिन्याचं छत, कोळिष्टकं, बंद मीटरची पेटी, सगळं वरून सरकत गेलं. लहानपणानंतर आपल्याला कोणी उचललेलं नाही, हे त्यांना दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी उमगलं. तळाला पोचल्यावर ड्रायव्हरने विचारलं, जमलं का. बाई म्हणाल्या, "अजून एकदा करून बघू."

घड्याळवाल्यांनी हात जोडले. त्यांची कंबर गेली होती.

खरं म्हणजे काम तिथेच संपलं होतं. तरी ड्रायव्हर गुरुवारी येत राहिला. आधी पट्टे सैल झालेत का ते बघायला, मग गाडीच्या सीटची उसवलेली शिवण घेऊन, मग काहीच न घेता. बाई मशीन चालवायच्या, तो खिडकीशी बसून दोरे ओवून द्यायचा. आठवडाभरात कोणाकोणाला नेलं ते तो सांगायचा. एका म्हाताऱ्याच्या दोन बायका गाडीतच पहिल्यांदा भेटल्या होत्या. एका घरच्यांनी घाईघाईत चुकून जिवंत आजोबांचाच फोटो गाडीला लावला होता आणि ते आजोबा पुढे बसून तक्रार करत आले होते. बाई मशीन थांबवून हसायच्या. त्या हसण्याची आता त्यांना लाज वाटत नव्हती.

स्वतःबद्दल मात्र तो एकदाच बोलला. त्याची बायको गेली त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून तिला त्यानेच नेलं. मुलगा मागच्या गाडीत होता. वाटेत ड्रायव्हरने गाडी पेट्रोल पंपावर घेतली. आईला मागे ठेवून बाप पेट्रोल भरायला थांबला, हे मुलाच्या मनाला इतकं लागलं की त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. याला सात वर्षं झाली होती.

"टाकी भरलेली होती," तो म्हणाला. "मला पुढचा रस्ता दिसेना. पंपावर नळ असतो, म्हणून वळलो. तोंड धुतलं आणि निघालो."

बाईंनी विचारलं की मुलाला हे सांगितलं का नाही. तो म्हणाला की त्याने विचारलंच नाही. मग त्याने सुईत दोरा ओवला आणि सुई त्यांच्या हातात दिली.

एका गुरुवारी तो आला नाही. बाईंनी चारपर्यंत वाट पाहिली आणि थांब्यावर गेल्या. गोदामाच्या भिंतीशी गाडी नव्हती. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने उठून सांगितलं की कालच दुपारी गेला, गाडी चालवताना. छातीत कळ आली असावी, पण त्याने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मान टेकवली. मागे स्ट्रेचरवर कोणाचे तरी वडील होते. नातेवाइकांच्या गाड्या मागे थांबल्या. त्यांना वाटलं, अशीच रीत असेल. दहा मिनिटं सगळे अदबीने गप्प बसून राहिले.

टॅक्सीवाल्याला हे सांगताना हसावं की नाही ते कळेना. बाईंना कळलं. पण हसायला बरोबर कोणी नव्हतं.

झोळी घेऊन यावी का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण तो सरळ रस्त्यावर गेला होता, तिथे जिन्याचा प्रश्न नव्हता. त्या इस्पितळाच्या तळघरातल्या शवागारात गेल्या. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि मयताचे तुम्ही कोण, असं विचारलं.

"गिऱ्हाईक," बाई म्हणाल्या.

कारकुनाने पेन थांबवलं. नात्याच्या रकान्यात ते चालत नाही, असं त्याने सांगितलं. त्याच्याकडे ठरलेली नाती होती. ती त्याने वाचून दाखवली. बाईंनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाल्या की तो मला ताई म्हणायचा. कारकुनाने 'बहीण' लिहिलं. तोही ड्रायव्हरला वीस वर्षं ओळखत होता. फॉर्मवर शिक्का मारताना त्याने डोळे पुसले, आणि मग नियमाप्रमाणे त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बापासारखेच रुंद खांदे, चांगला कोट, बाह्या मात्र बोटभर लांब. सगळं आटोपल्यावर तो बाईंना घरापर्यंत सोडायला आला. आत येऊन खिडकीशी बसला आणि मग विचारलं, ते माझ्याबद्दल काही बोलायचे का.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "एकदाच बोलले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी टाकी भरलेली होती. डोळ्यांतल्या पाण्याने रस्ता दिसत नव्हता, म्हणून ते पंपाच्या नळावर तोंड धुवायला थांबले होते."

त्याने कोट काढला, गुडघ्यावर घडी केली, उलगडला, पुन्हा घडी केली. बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, बाह्या उसवल्या आणि बोटभर आत घेऊन शिवून दिल्या. तेवढा वेळ तो तोंड खिडकीकडे करून बसला होता. मशीनच्या आवाजात त्याचं काही ऐकू येत नव्हतं, आणि बाईंनी मशीन जरा जास्तच वेळ चालवलं.

जाताना त्याने फोन नंबर घेतला. करेल असं बाईंना वाटलं नव्हतं. पण तो करतो, महिन्यातून एखाद्या रविवारी. तब्येत कशी, जेवलात का, कामं आहेत का. तीन-चार मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं, कारण दोघांच्या ओळखीचा माणूस एकच होता आणि त्याच्याबद्दल दोघांनाही थोडंथोडंच माहीत होतं. तरी फोन ठेवायची घाई कोणी करत नाही. पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत असतो. बाई कानाला फोन धरून तो ऐकत राहतात.